अकरा वह्यांवरची सही

अहो,

तुमच्या हयातीत तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आज लिहिते, कारण काल चौदाव्याला शाळेची माणसं आपल्या ओसरीवर जमली होती आणि दारामागे उभं राहून जे ऐकलं, ते पोटात राहत नाही.

हेडमास्तर म्हणाले, मरणाच्या दारात असतानाही मास्तरांनी इंग्रजी दुसरीच्या वह्या तपासून ठेवल्या. अहो, शेवटचे वीस दिवस तुमच्याच्याने पाण्याचं भांडं तरी उचललं गेलं का?

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तुम्ही मला इंग्रजी शिकवायला घेतलंत. भाकरी थापताना मी फूट-फीट, टूथ-टीथ घोकायची. एक मेंढरू असो की कळप, शीप ते शीपच, यावर आपण किती हसलो होतो. मग एके दिवशी तुम्ही वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवलात आणि दाराला कडी घातलीत. कडी कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

बारा वर्षं हे चाललं. भुशीहून चालत येणारी पोरं एका बाईला विमेन लिहायची आणि दहा जणींना वूमन. दुरुस्ती मी करायची, खाली सही तुमची. इन्स्पेक्टरसाहेबांनी तुमच्या तपासणीची तारीफ केली, तेव्हा तुम्ही पेढे आणलेत. मला दोन दिलेत.

तुम्ही गेलात तेव्हा अकरा वह्या उरल्या होत्या. पोरांची परीक्षा तोंडावर होती, म्हणून सुतकातच त्या पुऱ्या केल्या. सहीची जागा तेवढी कोरी ठेवली. कपाळावरचं कुंकू पुसलं होतं आणि बोटांना लाल शाई लागली होती. वह्या न्यायला आलेल्या धोंडिबा शिपायाने ती पाहिली.

"मला लय दिसापास्नं ठावं हाय, मास्तरीणबाई," तो हळूच म्हणाला. "पर मी कुटं बोलनार न्हाई."

त्याला वाटलं, मला तेच हवं असेल.

काल त्या कोऱ्या जागेचंही कौतुक झालं. सही करण्याइतकंही बळ उरलं नव्हतं बिचाऱ्यांत, म्हणे. एकदा तरी कुणापाशी माझं नाव घेतलं असतंत, तर तुमचं काय गेलं असतं? मी जन्मभर त्यावर खूश राहिले असते.

आता ऐका. सोमवारी मी शाळेत जाणार आहे. हेडमास्तरांकडून त्या अकरा वह्या मागून घेईन आणि त्यांच्यासमोर कोऱ्या जागी माझी सही करीन. तुमच्या नावाला कमीपणा येईल, हे मला कळतं. तरी करीन.

द्वारका