विझला नाही तो डोंगर

अल्बुकर्की

समुद्रकाठच्या माझ्या आईला एलोइसाचा नमस्कार.

मी मजेत आहे. ‘त्या वाळवंटात तुझं काय ठेवलंय?’ असं तू दर पत्रात विचारतेस. अगं, इथे घाम अंगावर टिकत नाही. आणि संध्याकाळी समोरचा डोंगर कलिंगडासारखा लाल होतो, तो बघायला सगळी गल्ली अंगणात खुर्च्या टाकून बसते. यंदा पाऊस नाही, तेवढं सोड. तुझे गुडघे कसे आहेत?

आजही बसलो. लाली अशी चढली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. एरवी हातातली कॉफी संपायच्या आत ती विझते. आज सूर्य बुडाला, रस्त्यावरचे दिवे लागले, तरी डोंगर लालच.

“आज जरा जास्तच रंगलाय,” शेजारचे ओनेसिमोकाका म्हणाले.

“काका, सूर्य केव्हाच गेला.”

“दिसतंय मला. बस खाली. तू उठलीस तर सगळेच उठतील.”

म्हणून बसल्या बसल्या तुला लिहितेय. काळजी करू नकोस. कागदावर राखेचे डाग दिसले तर घाबरू नकोस, मी प्रत्येक ओळ फुंकून मगच पुढची लिहितेय.

तुझीच,
एलोइसा