वाऱ्याच्या वेळेला माझं व्याख्यान

१९ एप्रिल
आजपासून रोजनिशी. आमच्या संज्ञापन विभागाचे प्रमुख, म्हातारे फादर, जूनमध्ये सरोवरातल्या उकेरेवे बेटावरच्या चर्चला चाललेत. म्हणजे खुर्ची रिकामी. या कॅथलिक संस्थेत इतकी वर्षं घासली त्याचं आता चीज होणार.

उमेदवार कोण, ते थंड डोक्यानं बघू. एक मी, पांक्रास माबुला. दुसरे फोटोग्राफीचे सर. ते स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या झोपतात. तिसरी सिस्टर लिओकाडिया. गेल्या वर्षी आली. त्याआधी बेटांवर रेडिओ चालवायची म्हणे. बेटांवर रेडिओ ऐकणार कोण, मगरी? शिवाय तिच्याकडे डॉक्टरेट नाही. माझ्याकडेही नाही, पण माझी चालू आहे. नसणं वेगळं आणि चालू असणं वेगळं.

संकल्प: रोज पहाटे उठून प्रबंधाचं एक पान. सहकाऱ्यांची निंदा बंद.

२० एप्रिल
पहाटे जाग आली होती. पण कोंबडा इतका बेसूर आरवत होता की विचार जुळेना.

२३ एप्रिल
दुसऱ्या वर्षाला ‘व्यक्ती-व्यक्तींमधला संवाद’ शिकवला. तासभर मजकूर सांगितला, पोरांनी लिहून घेतला. न्यामिझी नावाच्या मुलीनं मधेच हात वर केला. म्हटलं, प्रश्न शेवटी. शेवटी तास संपला. हा दोष घड्याळाचा.

शेजारच्या वर्गात सिस्टरची पोरं हसत होती. वर्गात! डोकावलो तर जोड्याजोड्यांनी पाठीला पाठ लावून बसलेली. एकानं सकाळी घरी काय झालं ते सांगायचं, दुसऱ्यानं ते जसंच्या तसं परत सांगायचं. याला बालवाडी म्हणतात. बापांनी गाई विकून फिया भरल्यात त्या यासाठी?

ही न्यामिझी कोळ्याची पोर. आवाज असा की धक्क्यावर बोलली तर टेकडीवरच्या बकऱ्या उठाव्यात. मी तिला तिच्या भल्यासाठी सांगितलं, “बाई, हा आवाज मासे विकायला ठीक आहे. रेडिओला नाही.” म्हणाली, “हो सर.” चला, पटलं तिला.

२७ एप्रिल
जेवताना माझी बायको व्हेनेरांडा सांगत होती की तिचा धाकटा भाऊ मसालू आता एका नावेवर लागलाय; रोज संध्याकाळी डगा या बारीक मासळीसाठी सरोवरात जाणार. मक्याच्या उगालीचा घास हातात तसाच ठेवून बोलत होती. काळजी वाटते म्हणाली. मी म्हटलं, मासळी स्वस्त पडेल. ती उठून आत गेली. बायकांना आनंद दाखवता येत नाही.

२ मे
रेक्टरसाहेबांनी मीटिंग घेतली. चर्चचा संज्ञापन दिवस जवळ आलाय, आपल्या रेडिओवर काहीतरी करा म्हणाले. मी तत्काळ व्याख्यान देऊ केलं. विषय: ‘श्रवण: एक सैद्धांतिक विवेचन’. वेळ: संध्याकाळी सहा.

सिस्टर मधे बोललीच. “सहाला नको, सर. ती वाऱ्याची वेळ आहे. हवामान खात्याकडून निरोप येतो, मुलं तो वाचतात, तो ऐकून नावा सुटतात. सगळा धक्का कान लावून बसलेला असतो.”

म्हटलं, मग तर उत्तमच! श्रोते तयार बसलेत. त्यांनी जन्मभर वारा ऐकायचा काय? एक दिवस ज्ञान ऐकू दे.

ती म्हणाली, “आणि नेमका त्याच दिवशी वारा सुटला तर?” म्हटलं, मे महिन्यात रोजच सुटतो, त्यात बातमी कसली. रेक्टरसाहेब कपाळ चोळत म्हणाले, “तुम्ही दोघं आपापसात ठरवा.” मी ठरवलं.

१० मे
स्टुडिओच्या पोरांना ताकीद दिली. एकदा दिवा लाल झाला की कुणी आत यायचं नाही. काचेवर टकटक नाही, हातवारे नाहीत. मागच्या खेपेला त्या न्यामिझीनं ‘माइकजवळ या’ अशी खूण केली आणि माझा धागा तुटला, तो अजून सापडला नाही.

प्रबंध: या आठवड्यात व्याख्यानामुळे वेळ नाही.

११ मे
विजय! तासभर बोललो. एकदाही अडखळलो नाही.

काचेपलीकडची पोरं सुरुवातीलाच भारावली. इकडून तिकडे धावाधाव. न्यामिझी तर काचेला येऊन दोन्ही हात हलवायला लागली. ताकीद देऊनसुद्धा! मी डोळे मिटून घेतले आणि श्रवणाच्या तिसऱ्या पायरीकडे वळलो. बाहेर आभाळ काळंभोर झालं होतं, खिडक्या थडथडत होत्या. विषयाला साजेसं गांभीर्य आलं.

डोळे उघडले तर लाल दिवा विझलेला. बल्ब गेला असणार. या संस्थेत देखभाल म्हणून नाहीच. बाहेर आलो तर टाळी वाजवायला कुणी नाही. सगळे पलीकडच्या खोलीत, दुसऱ्या माइकभोवती गोळा. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मत्सर माणसाला किती खाली नेतो!

१२ मे
रात्री सरोवरावर भयंकर वादळ झालं. बांधलेल्या नावासुद्धा उलटल्या. पण माणूस एकही गेला नाही, कारण सरोवरात कुणी राहिलंच नव्हतं.

सकाळी धक्क्यावर गेलो. जी कोळीण मला कधी शेपटीएवढा तुकडा वर देत नाही, तिनं अख्खा मासा पिशवीत घातला आणि माझे हात धरले. “तुमच्या रेडिओनं आमची माणसं परत आणली हो!” मी म्हटलं, “कर्तव्य केलं.” मग म्हणाली, “पोरीला आशीर्वाद सांगा.” माझी प्रिस्का चार वर्षांची आहे. तिचा काय संबंध? असो. भावनेच्या भरात बाई काहीही बोलते.

चालता चालता उलगडा झाला. श्रवणावरचं व्याख्यान इतकं पकड घेणारं झालं की कोळी नावा सोडायचेच विसरले! हे माध्यमांच्या प्रभावाचं अपूर्व उदाहरण. प्रबंधात घेणार.

घरी व्हेनेरांडा रडत बसली होती. मसालूची नाव काल इतर बऱ्याच नावांसारखी वाऱ्याच्या निरोपाची वाट न बघता लवकर सुटली होती. पाण्यात बरीच आत गेल्यावर त्यांना फोनवरच्या रेडिओत स्वतःच्या नावेचं नाव ऐकू आलं, “तुमाइनी, मागे फिरा,” आणि ते फिरले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून नम्रपणे म्हटलं, “माझा आवाज लांबवर जातो.” ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मासा कसा शिजवायचा ते मी तिला समजावलं.

१४ मे
रविवारी बिशप स्वतः येऊन आभाराची प्रार्थना घेणार. रेक्टरसाहेब भेटले, काहीतरी सांगायला लागले, “माबुला, त्या दिवशी स्टुडिओत खरं म्हणजे...” मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. म्हटलं, “फादर, कौतुक नको. काम बोललं.” त्यांनी सुस्कारा टाकला. माझा साधेपणा त्यांना भिडला.

भाषण तयार करतोय. छोटंच. पाऊण तासाचं.

१९ मे
लिहू की नको?

लिहितो. चर्च खचाखच भरलेलं. बिशप म्हणाले, “ज्या आवाजानं आपली माणसं किनाऱ्याला आणली, तो आवाज आता पुढं येऊ दे.” मी उठलो. कोट सारखा केला. वेदीच्या पायऱ्यांपाशी पोचलो तर बाजूला न्यामिझी. वाटलं, माझ्यासाठी भेटीचं कापड घेऊन आली असेल. बिशपांनी कितेंगेचं ते रंगीत कापड उचललं आणि तिच्या खांद्यावर पांघरलं. बायकांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा गजर केला की छप्पर उडावं.

मी तिथंच उभा. बिशप सभ्य माणूस. त्यांना वाटलं, कुणी भाविक आशीर्वादाला आलाय. त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि हळूच म्हणाले, “जा बाळा, शांतीनं जा.” परतलो तर बाकावरच्या माझ्या जागी एक लठ्ठ काका. उरलेली प्रार्थना खांबाला टेकून केली.

बाहेर मसालू भेटला. म्हणाला, “भाऊजी, खरं सांगू? तुमचं भाषण लागलं तेव्हा आम्ही रेडिओ बंदच करत होतो. तेवढ्यात तुम्ही गप झालात आणि ती पोरगी ओरडायला लागली.”

मी गप झालो? मी?

व्हेनेरांडानं मग सगळं सांगितलं. तिला आठवडाभर माहीत होतं. वादळाचा निरोप आला, पोरांनी मला काचेतून विनवलं, शेवटी सिस्टरनं माझा माइक बंद करायला लावला आणि न्यामिझीला दुसऱ्या खोलीत बसवलं. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, “प्रिस्काचे बाबा, सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही मासा कसा शिजवायचा ते मला समजावत होता.”

२० मे
कारस्थान! माइक बंद करणं ही माझ्या हुद्द्याची विटंबना आहे. रीतसर तक्रार करणार. पुरावा म्हणून स्टुडिओतून रेकॉर्डिंग मागून आणलं.

सुरुवातीला मी आहे. “श्रोतेहो, श्रवण म्हणजे नुसतं ऐकणं नव्हे...” मग खट्. मग ती. दक्षिणेकडून मोठा वारा येतोय, मागे फिरा. मग नावांची नावं, एकामागून एक. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मधेच एका नावाशी तिचा आवाज अडकला. मागून सिस्टरचा आवाज आला, “बाबांची नाव ना? घे. पुढं चल.” तिनं ती घेतली आणि पुढं गेली. पुढच्या फेरीत पुन्हा घेतली. बाकीच्यांइतकीच. जास्त जोर नाही, कमी नाही.

दोन उच्चार चुकलेत. बाकी शेवटपर्यंत ऐकलं. तसा काही बेत नव्हता.

माझं व्याख्यान कुठंच नाही. मलाही आता नीटसं आठवत नाही.

२२ मे
तक्रार उद्या. आज न्यामिझीला तिचे दोन चुकलेले उच्चार सांगायला गेलो. “हो सर,” म्हणाली आणि उभी राहिली. मी विचारलं, वडील बरे आहेत ना? तर ती बोलायलाच लागली. बापानं घरी येऊन भिजल्या अंगानं सगळ्यांना कसं उठवलं, आईनं आधी त्याला कसं झोडपलं आणि मग पोटाशी धरलं. बरंच बोलली. माझा चहा चुकला.

तक्रार नकोच. पदाला शोभत नाही.

३ जून
अपेक्षित राजकारण झालं. सिस्टर विभागप्रमुख. फोटोग्राफीच्या सरांनीसुद्धा जागं होऊन टाळ्या वाजवल्या.

पण देवाच्या घरी अंधेर नाही! दुपारी रेक्टरसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, “ऑक्टोबरपासून पहिल्या वर्षाला नवा विषय सुरू करतोय, ‘ऐकण्याची कला’. सिस्टरची खास विनंती आहे की तुम्ही त्या वर्गात...” वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला. ते म्हणाले, “नाही, पण माबुला, आधी...” म्हटलं, “फादर, मानधनाचं बोलूच नका.” हात मिळवला आणि निघालो.

शेवटी विषयाला विषयाचा माणूस लागतोच. व्हेनेरांडाला सांगितलं, धक्क्यावर सांगितलं, मसालूला दोनदा सांगितलं. शिंप्याकडे नवा सूट टाकला.

२१ ऑक्टोबर
नवा सूट घालून वर्गात गेलो. सिस्टर आधीच फळ्यापाशी उभी. “आलात? फार बरं झालं, सर,” म्हणाली. खरंच आनंदानं म्हणाली. त्यात टोमणा शोधला, सापडला नाही. मग तिनं पहिल्या बाकाकडे हात केला.

रेक्टरसाहेबांचं ते वाक्य आज कळलं. “त्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसावं.”

बसलो. उठून जाण्यात शोभा नव्हती, आणि सुटाची पँट बाकाच्या खिळ्यात अडकली होती. मी मनातल्या मनात रेक्टरसाहेबांना खरमरीत उत्तर जुळवत होतो. चांगलं जुळत आलं होतं. तेवढ्यात सिस्टरनं वर्गाला विचारलं, “मी आत्ता काय सांगितलं?”

सगळे हात वर गेले. माझा सोडून.