जोडखुणेचा प्रस्ताव

४ फेब्रुवारी
आलं ते: लेकीचा जुना संगणक, दुरुस्त होऊन, साडेचारशे. नवी वायर ऐंशी. यांच्या बुटाला टाच लावायची होती, ती पुढच्या महिन्यावर ढकलली. हे म्हणाले, माझ्या टाचेला पैसे नाहीत आणि ह्या डब्याला आहेत. मी म्हटलं, ते खातं वेगळं.
संगणकात आकडेवारीची एक भाषा आहे. लेक त्या भाषेच्या समितीवर, बिनपगारी. त्यापायी बँकेतली कायमची नोकरी सोडली. मी एवढंच म्हटलं होतं की ज्याचा पगार नाही त्याला मी काम म्हणत नाही. तिनं बॅग भरली. वर्ष होत आलं. पत्र नाही, फोन नाही. मला काही वाटलं नाही. त्या दिवशी सगळे डबे घासून काढले.
संगणक त्यासाठी आणलेला नाही. हिशेबाला बरा पडेल.

७ फेब्रुवारी
दोन आकडे अधिक चिन्हानं जोडले जातात. दोन शब्द जोडायला गेले तर लाल अक्षरांत चूक दाखवतो. शब्द जोडायचे तर आधी ‘पेस्ट’ असा आख्खा शब्द लिहा, मग कंस, मग स्वल्पविराम, मग पुन्हा कंस. दोन शब्द जोडायला तिसरा शब्द खर्च. असं घर चालेल का?
ठरवलं. एक सुटसुटीत जोडखूण मी स्वतः तयार करणार. महिनाभराचं काम, फार तर.
लेकीची या भाषेची पुस्तिका घरातच राहिली आहे, तिच्यात मागे छापलंय की आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला उत्तर देणं समितीवर बंधनकारक आहे. वाचून बरं वाटलं. भाषेच्या दृष्टीनं. समितीच्या यादीत लेकीचं नाव तिसरं. योगायोग.

९ फेब्रुवारी
आंघोळ, दिवा, जप. मग प्रस्ताव ईमेलनं पाठवला: अधिक चिन्हानं शब्दही जोडावेत. देवाला म्हटलं, भाषेचं भलं कर. दुसरं काही मागितलं नाही.

१६ फेब्रुवारी
उत्तर आलं. ‘बेरजेत क्रम उलटला तरी उत्तर तेच राहतं, शब्दांत राहत नाही. म्हणून अधिक चिन्ह योग्य नाही. कृपया पुन्हा विचार करावा.’ खाली नाव नाही, नुसतं ‘चिटणीस’.
पण तो ‘कृपया’ मी ओळखला. लेक रागावली की कृपया म्हणते. कृपया माझ्या कपाटाला हात लावू नकोस. म्हणजे राग आहे, पण उत्तर दिलं. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, अगं, चिटणीस कुणीही असतो. मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं कळत नाही. नाहीच कळत, म्हणाले आणि नखं कापायला गॅलरीत गेले.

२० फेब्रुवारी
नवी युक्ती. या भाषेत टक्क्याची दोन चिन्हं टाकून मध्ये आपल्याला हवी ती खूण ठेवता येते. मी ‘जोड’ ठेवलं. लगेच चाललं. ‘चहा’ आणि ‘दोन’ दिले, ‘चहादोन’ आलं.
मध्ये जागा सोडावी का, हा प्रश्न आहे. नाही सोडली. जागा म्हणजे कागद. हे म्हणाले, असं चिकटलेलं वाचायचं कसं? मी म्हटलं, घरच्या माणसाला वाचता येतं.

२५ फेब्रुवारी
खूण घरात वापरून पाहिली. एका यादीत डब्यांचे आकडे, दुसरीत आत काय ते. साखरएक, चहादोन, तांदूळतीन, असं करत आठपर्यंत चिठ्ठ्या निघाल्या. शेवटचं मीठ लिहायचं राहिलं होतं, म्हणजे दुसरी यादी एकानं तोकडी. पण ही भाषा तक्रार करत नाही. यादी संपली की पहिल्यापासून पुन्हा सुरू करते. काटकसरी आहे. मला आवडली. साखरेचे दोन डबे निघाले. बरकत समजून चिठ्ठ्या लावून टाकल्या.

२६ फेब्रुवारी
नणंद आली. चहाला साखर आठव्या डब्यातली काढली. ती म्हणाली, वहिनी, माझ्यावर काही राग आहे का? हे अर्धा कप पिऊन म्हणाले, हिची भाषा आता चहापर्यंत आली.
दोष खुणेचा नाही, मिठाचा.
जाताना नणंदेनं विचारलं, भाची येते का गं? येते की, म्हटलं, रविवारी येते. नणंद म्हणाली, मग मला कधी दिसत नाही ती. यांनी कपातच पाहिलं.

३ मार्च
शेवटचा नियम ठरवला. आकडेवारीत काही माहिती मिळालेलीच नसते. तिथं ‘गहाळ’ अशी नोंद करतात. जोडताना दोघांतलं एक गहाळ असेल तर काय करावं? सोपं आहे. गहाळ ते गुपचूप गाळावं, उरलेलं दाखवावं. कुणाला कळायचं कारण नाही. घरात असंच करतात.
पाठवला. हा मंजूर होणारच.

१२ मार्च
‘एक गहाळ असेल तर उत्तरही गहाळच आलं पाहिजे. नुसतं उरलेलं दाखवलं तर वाचणाऱ्याला वाटतं, सगळं जागेवर आहे. प्रस्ताव नामंजूर.’
आता शंकाच नाही. असं तोंडावर फक्त लेकच बोलते. बोलली, हे महत्त्वाचं.
सुधारित प्रस्ताव पाठवला. खाली लिहिलं: परिशिष्ट. गादी उन्हात घातली आहे. कपाटाला कुणी हात लावलेला नाही.

१८ मार्च
‘परिशिष्टाचा प्रस्तावाशी संबंध समजला नाही. मी चिटणीस म्हणून गेल्या उन्हाळ्यात आलो. तुम्ही आधीच्या बाईंना तर लिहीत नाही ना? त्यांनी तेव्हाच समिती सोडली. एका गोदामात हिशेबनीस आहेत असं ऐकतो.’
दोनदा वाचलं. काही वाटलं नाही. पीठ चाळायला घेतलं. चाळलेलंच पुन्हा चाळत होते, ते यांनी दाखवलं.
विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? हे म्हणाले, हो. कधीपासून? पहिल्यापासून, महिन्यातून एकदा भेटतो की. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, तू भाषेबद्दलच विचारत होतीस.
गोदामात पगार वेळेवर होतो म्हणे. मला हवं होतं तसंच झालं.

१९ मार्च
आठव्या डब्याची चिठ्ठी काढली. मीठ लिहिलं, हातानं.
नणंदेकडे जाऊन सांगितलं, ती रविवारी येत नाही. कधीच येत नाही. नणंद म्हणाली, ठाऊक आहे गं वहिनी, बस. बिनसाखरेचा चहा दिला. बरा होता.

२० मार्च
पत्र टाकलं. पत्ता यांच्याकडून. नक्कल ठेवते:
‘अनेक आशीर्वाद. तुझा संगणक दुरुस्त करून घेतला. जोडखूण केली होती, नामंजूर झाली. गहाळचा नियम मला पटला. एक शंका राहिली. दोन शब्द जोडताना मध्ये जागा ठेवावी का? मी ठेवली नव्हती. आता वाटतं, ठेवावी. किती, ते तू सांगशील तेवढी. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे, म्हणजे तुला खर्च नको. एक ओळ लिहिलीस तरी पुरे. पण उलट टपाली कळव.’