बारीतली हाक

५ एप्रिल, शनिवार

देवपूरहून पायी निघालो, सप्तशृंगीच्या गडाला. आणि बेबाबाई पण आली! माझी थोरली जाऊ. आधी कळलं असतं तर घरीच बसले असते. ती पुढं, मी मागं. चालू दे.

६ एप्रिल

ऊन फार. माझ्यासंगे कोणी चालत नाही. आमच्यातली सुनंदाबाई माझ्याकडं पाहून म्हणे, "सुगंधाबाईसंगे चालनं म्हनजे वकिलासंगे चालनं!" बठ्ठ्या बाया हसल्या. बेबाबाई हसली नाही. का हसली नाही? रस्ताभर तेच डोक्यात.

७ एप्रिल, साक्री

पायाला फोड. झोप नाही, म्हणून लिहिते.

कानबाई देवीच्या सणात रोटाच्या पोळ्यांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू घेतात. आमचे मालक गेले त्या साली मी सूप घेऊन उभी. बेबाबाई म्हणे, "आते तुन्हाकडे कोना नावनी मूठ लेऊ?" पोरगा नाही मला. खरं होतं तिचं. पण बोलायचं असतं का? सूप तिथंच टाकून आले. तेव्हापासून बोलणं बंद.

तिला मी अक्का म्हणायची.

८ एप्रिल, पिंपळनेर

उद्या जंगलातली बारी, डोंगरातली खिंड. पुढं चालणारे लोटन आबा बजावून सांगत होते — "बारीमा कोनी कोनाले नाव लिसन हाक मारानी नही. 'आई' म्हना. नाव लिसन हाक उनी तर चकवा शे. मांगे देखू नका, वाट चुकाडस तो." पोरी खिदळल्या. मी नाही.

९ एप्रिल

बेबाबाईचा गुडघा धरला. मागं पडली. मी तिच्या बाजूनं निघून गेले, पाहिलं पण नाही. वाटेवर नुसता सागाचा पाला, पाय टाकला की करकर. पुढं कोणी दिसेना, मागं पण नाही.

तेवढ्यात मागून — "सुगंधा!"

तिचाच आवाज. नुसतं सुगंधा म्हणणारं आता दुसरं कोण आहे? मी वळले नाही. मनात म्हटलं, ती कशाला मला हाक मारेल? चकवाच. चालत राहिले.

जेवायला बसलो तर बेबाबाई नाही! आबा दोघा-तिघांना घेऊन मागं फिरले. मी पण. "आई! आई!" ओरडत होते ते. आई तर बठ्ठ्याच, कोणती ओ देईल! मी मोठ्यानं बोंबलले — "बेबाबाई! ओ बेबाबाई!" थोरलीचं नाव जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. आबा म्हणे, "गप व्हय, चकवा ई!" म्हटलं, येऊ द्या! त्याला पण पाहते!

ऊन उतरताना सापडली. वाट सोडून खूप आत, नाल्यात. पाय मोडलेला, शुद्ध नाही.

१० एप्रिल, दवाखाना

बाकीचे गडाला गेले. मी थांबले. ती डोळे उघडत नाही. उघडले की सांगेन — ऐकलं होतं मी. वळले नाही. मग मार मला.

११ एप्रिल

बोलली! मी लगेच सांगून टाकलं — अक्का, तू हाक मारलीस, मी वळले नाही.

माझ्याकडे पाहतच राहिली. "मी कसाले हाक मारू? तूच मारी ना, नालाकडथीन! 'अक्का, अक्का' करी राहिंती. म्हनीसन तं मी वाट सोडी."

बारीत चालताना मी तर तोंड उघडलंच नव्हतं.