विसण

६ नोव्हेंबर, बारामती
“पाणी आधी आपल्या मनगटावर ओतून बघ. पोळलं तर ती सांगणार न्हाय.” आमच्या कळस गावात बायकांच्या मयतांना गुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, घालणारी माझी अम्मा मला फार वर्षांपूर्वी हे म्हणाली होती. आज ते आठवलं. नोकरीसाठी इथं खोली घेतली. ऊन छान येतं. घरमालकीण गौहरखाला बिदरच्या, म्हातारपणी मुलामागं इथं आलेल्या. अम्माचं काम आणि मी तिच्या हाताखाली ते शिकल्याचं कळल्यावर त्यांनी माझे हात उलटसुलट पाहिले आणि खूश होऊन खट्टी दाल वाढली.

१४ नोव्हेंबर
खालांना मरणाची भीती नाही, अनोळखी हातांची आहे. बिदरला बहिणी होत्या. इथं अंगावर पाणी कोण घालणार? गल्लीतल्या इतर म्हाताऱ्याही परगावच्याच. कफनाचं कापड पेटीत ठेवून सगळ्या मजेत पान खातात. आज खाला म्हणाल्या, “मेरेकू तूच नहला. ये सबिना तो कढई घासे सरीका घिसेगी!” सून सबिना हसत सुटली. मी कबूल केलं.

२ डिसेंबर
खाला सकाळी गेल्या. डॉक्टर तपासून गेले. मुलगा शहबाज दुपारी जोहरच्या नमाजानंतर लगेच दफन करायची घाई करत होता. बोरीचा पाला घालून पाणी उकळलं. सबिना चादर धरून, तोंड फिरवून रडत होती. मी गार पाण्याचं विसण घालायचं विसरले. मनगटावर पाहिलं नाही. तांब्या दंडावर ओतला आणि तिथली कातडी हळूहळू लाल झाली.

मेलेल्या अंगाला लाली चढत नाही.

नाकाशी हात धरायला हवा होता. बाहेर माणसं खोळंबली होती. आणि मी चुकले असते तर? गुसल घालताना दिसलेलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम. मी त्याच्याआड लपले. दंडावर कफन ओढलं.

३ डिसेंबर
आत्ता सांगितलं तरी — अजून वेळ असेल तर — शहबाजसमोर जाऊन उभी राहिले. खालांसाठी दुआ करते, एवढंच बोलले.

७ डिसेंबर
उकळता चहा हातावर सांडला. पोळलं नाही. लालही झालं नाही.

९ डिसेंबर
खोलीभर बोरीच्या पाल्याचा वास. सबिनाला येत नाही म्हणे. माझा हात धरून ती दचकली. इतका गार कसा, आपा, विचारत होती.

११ डिसेंबर
पाय उचलत नाहीत. बोटं जेमतेम —
सबिनानं दारातून हाक मारली. मी ओ दिली. तिला ऐकू गेली नाही. पुन्हा दिली. रडत शहबाजला बोलवायला पळाली.
न्हाणीत पाणी उकळतंय. घरात कुणी नाही. दाराखालून वाफ — ओली पावलं —
खाला, मी तुमच्यासाठी एवढंसुद्धा केलं नाही. तुम्ही का करावं? तरी — विसण घाला. आधी तुमच्या मनगटावर —