बावखलाकाठची इमारत

माहीम, मुंबई
२२ मे १९८३

ती. क्लेमेंटीन आत्यास,
फर्डिनंडचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी तू आणि ॲन्सेल्मकाका मिस्साला गेला होतात, तेवढ्यात मी आपल्या वाडीची मापं घेतली. नकाशा सोबत आहे. जुनं घर पाडून तळमजला अधिक दोन मजले, एकूण आठ घरं. एक तुझं, एक काकांचं, एक बाबांच्या वाट्याचं म्हणून माझं. उरलेली पाच माझा भागीदार विकेल. इमारत वसई गावात शोभेल अशीच काढली आहे. छप्पर उतरतं, कौलारू. उंची चिंचेच्या वर जाऊ दिलेली नाही. प्रत्येक घराला ओटी आहे आणि रस्त्याकडच्या एकाही सुपारीला हात लावलेला नाही. फक्त मागचा कोरडा खड्डा पायाच्या मातीने भरून तिथे जिना घेतला आहे.

दहा वर्षं साहेबाच्या कचेरीत दुसऱ्यांच्या इमारतींच्या संडासांचे नकाशे काढत आलो. ही माझी पहिली इमारत आहे, आत्या. तिघांच्या सह्या लागतील, माझी झाली. तुम्ही दोघं लवकर करा. लोभ आहेच, सही होईपर्यंत थोडा जास्त असावा.

तुझा,
फर्डिनंड


वसई
३० मे १९८३

चि. फर्डिनंड यास,
क्लेमेंटीन आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नकाशा पोचला. ओट्या आवडल्या. संडास घराच्या आत, तोही स्वयंपाकघराला लागून, हे पाहून काकांचं जेवण उतरेना, पण होईल सवय. सही मात्र मी करणार नाही.

तू ज्याला खड्डा म्हणतोस ते आपलं बावखल आहे. यंदा ते एप्रिलातच आटलं. पावसाळ्यात पाच वाड्यांचं पाणी त्यात उतरतं, तिथून जमिनीत मुरतं, म्हणून आपली विहीर गोडी आहे. चार वर्षांचा असताना तू त्यातच पडलास आणि तुझ्या आईने लुगड्यानिशी उडी मारून तुला बाहेर काढलं. आणि नकाशात लिहितोस काय, तर कोरडा खड्डा! माझ्या वर्गात असतास तर तासभर अंगठे धरायला लावले असते.

बर्नार्डने त्याचं बावखल बुजवलं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्याची विहीर मचूळ झाली. त्याची सून आता आपल्याकडे हंडे घेऊन येते. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळी आळी नवरीच्या आंघोळीचं उंबराचं पाणी आपल्याच विहिरीवरून वाजतगाजत नेते, आणि जानेवारीत काकांच्या लुसीचं लग्न आहे. शेजारची शकू म्हणते, मास्तरीनबाई, पानी गेलं की वाडी गेली. मला याहून चांगलं सांगता येत नाही.

जुलैत ये आणि पुन्हा मापं घे. बूट घालून येऊ नकोस. माया कमी झालेली नाही, रागावली आहे एवढंच.

तुझी,
क्लेमेंटीन आत्या


माहीम, मुंबई
७ ऑगस्ट १९८३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फार राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. मागच्या रविवारी गुडघाभर पाण्यात फूटपट्टी धरून उभा राहिलो तेव्हा तो उतरला. मी शिकलो काय आणि विसरलो काय, याची लाज वाटली.

नवा नकाशा पाठवतो आहे. बावखल आणि विहीर जागच्या जागी. इमारत त्यांच्या दोन बाजूंनी काटकोनात वळवली, त्यामुळे घरं सहाच बसतात. भागीदाराने अंग काढून घेतलं. दुसरा कंत्राटदार मिळाला, पण विकायला चार घरं हवीतच म्हणतो. बाकी सगळं नकाशात आहे. पाडकाम लुसीच्या लग्नानंतर सुरू करू. आता तरी सही कर आणि लोभाचं मागचंपुढचं फेडून टाक.

तुझा,
फर्डिनंड


वसई
१५ ऑगस्ट १९८३

चि. फर्डिनंड यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काकांनी सही केली. मीही केली. नंतर नकाशा पुन्हा पाहिला. सहातून चार गेले, उरले दोन. तीस वर्षं चौथीला गणित शिकवलं, आणि तुला वाटलं मला वजाबाकी येणार नाही? एका घरावर काकांचं नाव, एकावर माझं. तुझ्या बापाचा वाटा तू बावखलात घातलास आणि पत्रात त्याचा शब्द नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मग शिसपेन्सिल घेतली. माझ्या घराची मागची खोली तुझी केली आहे, वर तुझं नाव लिहिलं आहे. माझी रेघ तुझ्याइतकी सरळ नाही, तू ती शाईने पक्की कर. रबर लावलास तर माझी सहीही खोडलेली समज.

खोलीची खिडकी बावखलाकडे आहे. जपून राहा. पुन्हा पडलास तर आता उडी मारायला मीच आहे. मला पोहता येत नाही, तरी मारीन.

तुझी,
आत्या