माती कोणी द्यायची

बाबा, गेल्या रविवारी दुपारी सव्वाचार वाजता तुमच्या नियमाने एका माणसाचं मनगट धरलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण 'मास्तरांचा नियम' म्हणून तो अजून कबरस्तानाच्या फाटकात ठणठणीत उभा आहे. आम्ही तुमच्या नातवाला पुरत होतो. माझ्या धाकट्या भावाचा थोरला मुलगा, तुम्ही त्याला कधी पाहिलं नाहीत. वसमतला तो एका शिंप्याबरोबर राहायचा. दोघांनी तिथे संसार केला. गाव त्यांना मित्र म्हणायचं, कारण मित्र म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. पोराच्या किडन्या गेल्यावर दर आठवड्याला नांदेडला डायलिसिसला नेणारा, पथ्याचं शिजवणारा, शेवटी त्याचं अंग पुसणारा तो शिंपीच. त्याचं घर बौद्धांचं. बाप्तिस्मा झालेला नाही.

आपल्याकडे पेटी खाली उतरली की पहिली मूठ सगळ्यात जवळच्या माणसाची, हे तुम्हाला काय सांगायचं. शिंपी वाकला, त्याने माती उचलली, आणि चर्चच्या मंडळीच्या पंचाने त्याचा हात धरला. हा पंच म्हणजे माझ्याकडे सातवीला दोनदा बसलेला विद्यार्थी. म्हणतो, "तुमी न्हाई. बाप्तिस्मा झालेल्यांनीच माती द्यायची. मास्तरांचा नियम हाय. आन् तुमचं नातं तरी काय लागतं?" तरुण पाळकसाहेब स्वतःचे बूट पाहत राहिले. मी म्हटलं, "नातं मी सांगते. याचं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत आत येईपर्यंत जो शेजारी स्टुलावर बसून राहायचा, तो लागतो." पंच म्हणाला, "बाई, तुमी मधी पडू नका. आज मास्तर असते तर त्यांनी बी हेच केलं असतं."

बाबा, तिथे माझं बोलणं खुंटलं. मला नन्सच्या शाळेत तुम्हीच घातलंत. तिथे इंग्रजीबरोबर उलट बोलणंही शिकले, आणि आयुष्यात माझ्यावर शब्द संपायची वेळ आली नव्हती. त्या वाक्याला मात्र उत्तर नव्हतं, कारण तुम्ही हेच केलेलं मी पाहिलंय. आई गेली तेव्हा बोर्डिंगातून मला तशीच गणवेशावर आणली होती. औंढ्याहून मामा चालत आला. आईचा सख्खा भाऊ. एका चुलीवर वाढलेली ती दोघं, ती तुमच्याशी लग्न करून ख्रिस्ती झाली, तो बौद्ध झाला. तुम्ही फाटकात आडवे उभे. तो म्हणतोय, "दाजी, एक मूठ टाकून जातो. बहीण हाय माझी." तुम्ही म्हणताय, "नियम म्हंजी नियम. तुला सोडलं तर उद्या कोणाला अडवू?" मामाने फाटकाबाहेरून उचललेली माती कबरस्तानाच्या भिंतीवर ठेवली, तुम्हाला सलाम केला आणि आल्या वाटेने गेला. संध्याकाळी तुम्ही स्वैपाकघरात पाटावर बसून भाकरी कुस्करत होतात. ज्या स्वैपाकघरात तुम्ही ट्रकवाल्यापासून फकिरापर्यंत सगळ्यांना जेवू घातलंत, जात विचारली नाहीत, त्याच स्वैपाकघरात. जेवायला सगळे, पुरायला फक्त आपले. हे गणित मला कुठल्याही सिस्टरने शिकवलं नव्हतं.

नियम कुठून आला तेही मला ठाऊक आहे. एका ख्रिस्ती झालेल्या म्हाताऱ्याच्या मढ्यावरून ख्रिस्ती आणि बिगर-ख्रिस्ती अशा त्याच्या दोन घरांत काठ्या निघाल्या, आणि तुम्ही घाबरलात. भीतीला नियम म्हणालात आणि नियमाला विश्वास. आता माझा विश्वास ऐका. मी ख्रिस्ताला सोडलेलं नाही. उलट, त्याच्या दफनाची गोष्ट तुमच्यापेक्षा नीट वाचली आहे. तिथे त्याचे आपले म्हणवणारे पळून गेले होते. परक्याने प्रेत मागून आणलं, परक्याच्या थडग्यात ठेवलं, आणि दारात उभं राहून कोणी दाखला मागितला नाही. तुमच्या नातवाला देवाने घडवलं तेव्हा देवाचं काही चुकलं नव्हतं, आणि त्या दोघांच्या घरात जे होतं त्याला मी प्रीतीच म्हणते, पवित्र शास्त्रात म्हटलंय तीच. मामाची मूठ देवाने मोजली असणार. हे पाखंड वाटत असेल तर वाटू द्या. तुमच्या फाटकात मावणारा देव मला पुरत नाही.

त्या दिवशी मी काय केलं, तर खड्ड्याच्या काठावर फतकल मारून बसले. या वयात मी बसले की उठवायला दोन जण लागतात, आणि बाईंना हात लावायची एकाचीही छाती झाली नाही. फावडी थांबली. शिंपी सारखा म्हणत होता, "आत्या, उठा. जाऊ द्या. इथं भांडण नको." तेव्हा माझा भाऊ पुढे आला. तुमच्यासमोर कधी तोंड न उघडलेला तुमचा मुलगा. पंचाचा हात त्याने शांतपणे बाजूला केला आणि शिंप्याला म्हणाला, "ये लेकरा. पहिली मूठ तुझी. मंग मी देतो." बापाने स्वतःची जागा दिली, बाबा. शिंप्याने मूठ टाकली, मग भावाने. पण काल पंचमंडळ बसलं आणि भावाच्या घराला चर्चमधल्या प्रभुभोजनाला बसायची बंदी केली, तुमचं नाव घेऊन.

म्हणून विचारते. तुम्ही असता तर खरंच हेच केलं असतं का? त्या रात्री भाकरी कुस्करताना एकदा तरी भिंतीवरच्या मातीकडे मन गेलं होतं का? नाताळच्या प्रार्थनेची घंटा होण्याआधी मला याचं लेखी उत्तर पाहिजे. तोंडी चालणार नाही, स्वप्नात येऊन तर मुळीच नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, मला कळतं. आणखी एक. कबरस्तानात तुमच्या शेजारची जागा माझ्या नावाने ठेवली आहे. या आठवड्यात ती रद्द करायला दोनदा पाळकांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा तशीच परत आले.